पाणचक्की आणि पेशींतील चक्की

सन २०१८ च्या जानेवारी महिन्यांत छत्रपति संभाजीनगरांत, म्हणजे त्या वेळच्या औरंगाबादेंत, एक वैदिक संमेलन भरलें होतें. त्यासाठीं आलेले केंद्र सरकारचे तत्कालीन राज्यमंत्री व मुंबईचे माजी पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनीं, डार्विनचा उत्क्रांतिवाद शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे, असें विधान केलें. वानराचा मनुष्य होतांना पाहिल्याचें आपल्या पूर्वजांपैकीं कोणीहि लिहून वा सांगून ठेवलेलें नाहीं, सबब शाळा-कॉलेजांतील अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं कांहीं दिवसांतच संयुक्त पत्रक काढलें आणि उत्क्रांतीच्या मूलभूत सत्यांविषयीं शास्त्रज्ञांत वाद नाहीं, असें स्पष्ट केलें. खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनींहि, अशीं विधानें टाळावींत असें आपण त्यांस सांगितलें आहे, असें जाहीर केलें.

वृत्तपत्रांतील हा वाद लवकरच शमला. ‘कोणी पाहिलें नाहीं’ या आक्षेपास उत्तर देणेंहि कठीण नाहीं. देवगिरीचा काळा डोंगर वितळलेल्या रसाच्या थरांनीं बनला, हें पाहण्यास कोणी मनुष्य हजर नव्हता. तरी खडकाचे थर ती हकीकत सांगतात आणि ती आपण मान्य करतों. परंतु उत्क्रांतीविरुद्ध दुसरा एक युक्तिवाद आहे, आणि तो पुष्कळ अधिक वजनदार आहे. तो वानराविषयीं बोलत नाहीं. तो सजीवांच्या पेशींत शिरतो आणि विचारतो: येथें जीं यंत्रें चाललीं आहेत, तीं कोणा बुद्धिमान योजकावांचून झालीं असतील काय? हा प्रश्न नीट समजून घेण्यास एक साधन याच शहरांत आहे. तें म्हणजे खाम नदीच्या कांठची पाणचक्की.

बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांतील ही चक्की अठराव्या शतकांतील आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं ती पाहिली असेल. शहराच्या उत्तरेकडून, कित्येक किलोमीटर अंतरावरून, जमिनीखालच्या मातीच्या नळांतून पाणी आणलेलें आहे. तें उंच भिंतींतून वर चढवून खालीं सोडलेलें आहे. पडत्या पाण्याच्या जोरानें चाक फिरतें, चाकाबरोबर आस फिरतो, आणि आसाबरोबर वरचा दगड फिरतो. दर्ग्यांत राहणाऱ्या फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं येथें धान्य दळलें जात असे. ही रचना पाहून, पाण्याचा उतार व दगडाचें वजन जाणणाऱ्या कोणा कुशल माणसानें ही योजिली, याविषयीं कोणालाहि शंका येत नाहीं, आणि येण्याचें कारणहि नाहीं.

आतां दुसरी चक्की पाहावी. मनुष्याच्या शरीरांतील बहुतेक सर्व पेशींत तंतुकणिका नांवाचे सूक्ष्म घटक असतात. त्यांच्या आंतल्या पडद्यांत एटीपी सिंथेज नांवाच्या असंख्य चक्क्या असतात. एटीपी हा एक रेणु आहे. स्नायूंचें आकुंचन, मज्जातंतूंचे निरोप, नव्या प्रथिनांची घडण, हीं सर्व कामें त्याच्या शक्तीवर चालतात. घराला जसें पीठ, तसा पेशीला एटीपी. प्रौढ मनुष्याचें शरीर दिवसाकाठीं सुमारें आपल्या वजनाइतकें एटीपी घडवितें आणि मोडतें, असा अंदाज आहे.

ही चक्की चालते ती अशी. अन्नाच्या मंद ज्वलनांतून जी शक्ति मिळते, तिच्या योगानें प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित कण, पडद्याच्या एका बाजूस ढकलले जातात. धरणांत पाणी सांचावें तसे ते तेथें सांचतात, आणि परत येण्याची त्यांची मुख्य वाट या चक्कींतूनच असते. ही कल्पना ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनीं १९६१ सालीं मांडली, तेव्हां पुष्कळांना ती चमत्कारिक वाटली. १९७८ सालीं तिच्याबद्दल त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. पडद्यांत रुतलेल्या भागांत प्रथिनांचें एक कडें असतें. परतणाऱ्या प्रोटॉनांच्या ओघानें तें कडें फिरतें आणि त्याला जोडलेला दांडाहि फिरतो. दांड्याचें टोंक एका डोक्यांत शिरलेलें असतें. संत्र्याच्या फोडींप्रमाणें सहा प्रथिनें जुळून हें डोकें बनलेलें असतें. दांडा फिरला कीं या फोडींचा आकार बदलतो: एकींत कच्चा माल शिरतो, दुसरींत त्याचे दोन तुकडे जोडले जातात, तिसरींतून तयार एटीपी बाहेर पडतो. जात्यांत दाणा फुटतो, येथें तुकडे सांधले जातात, हाच काय तो फरक. दांड्याच्या एका फेऱ्यांत तीन एटीपी तयार होतात, आणि असे फेरे सेकंदाला शंभराहूनहि अधिक होऊं शकतात. एका मिलिमीटरच्या लांबींत अशीं सुमारें एक लाख डोकीं ओळीनें बसतील.

हें केवळ कल्पनाचित्र नव्हे. अमेरिकेचे पॉल बॉयर यांनीं या फिरण्याचें अनुमान केलें; ब्रिटनचे जॉन वॉकर यांनीं गुरांच्या हृदयांतून काढलेल्या डोक्याची घडण क्ष-किरणांनीं उलगडली. १९९७ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं जपानी शास्त्रज्ञांनीं दांड्याला प्रथिनाचा एक चमकता धागा चिकटविला, आणि तो गरगर फिरतांना सूक्ष्मदर्शकाखालीं प्रत्यक्ष दिसला.

अशी ही चक्की पाहून मन थक्क झालें नाहीं, तरच नवल. मग योजकवादी विचारतो: खामकांठच्या चक्कीला कर्ता आहे, तर तिच्याहून कितीतरी सफाईदार असलेल्या या चक्कीला कर्ता कसा नसेल? इंग्लंडांत विल्यम पेली यांनीं १८०२ सालीं हाच प्रश्न घड्याळाचा दाखला देऊन विचारला होता. पुढें १९९६ सालीं अमेरिकन जीवरसायनज्ञ मायकेल बीही यांनीं त्यास नवी धार दिली. सर्व सजीवांचें मूळ एक असावें, हें बीही नाकारीत नाहींत. त्यांचा आक्षेप एवढाच कीं, उंदराच्या सापळ्यांतील फळी, स्प्रिंग किंवा दांडा यांतील एकहि भाग काढला तर सापळा अर्धा चालत नाहीं, मुळींच चालत नाहीं. पेशींतील कित्येक यंत्रें अशींच आहेत. उत्क्रांति तर पायरीपायरीनें होते आणि प्रत्येक पायरी उपयोगाची असावी लागते. मग अर्धें यंत्र कोणत्या उपयोगासाठीं टिकलें? ज्या जिवाणूंना कशाभिका, म्हणजे फिरती शेपटी, असते, तिच्या मुळाशीं असलेली मोटर हें या पक्षाचें आवडतें उदाहरण आहे.

हा वाद पश्चिमेकडून आला, असें समजण्याचें कारण नाहीं. न्यायदर्शनाचे आचार्य उदयन यांनीं दहाव्या शतकाच्या सुमारास न्यायकुसुमांजलि या ग्रंथांत ईश्वरसिद्धीचीं जीं अनुमानें दिलीं, त्यांतलें पहिलें याच जातीचें आहे: घट हें कार्य आहे आणि त्याला कुंभार आहे, पृथ्वी वगैरे हींहि कार्यें आहेत, यास्तव त्यांनाहि कर्ता असला पाहिजे. पेलींचें घड्याळ आणि उदयनांचा घट यांत तर्काच्या दृष्टीनें फारसें अंतर नाहीं.

पाणचक्कीपासून सुमारें तीस किलोमीटरवर वेरूळ आहे. तेथें बौद्ध, ब्राह्मणी व जैन अशा तिन्ही परंपरांचीं लेणीं एकाच डोंगरांत शेजारीं शेजारीं आहेत. या तिन्ही परंपरांच्या पंडितांत कर्त्याचा हा वाद शतकानुशतकें चालला होता. ज्या राष्ट्रकूट वंशांतील पहिल्या कृष्णराजाचें नांव कैलास लेण्याशीं जोडलें जातें, त्याच वंशांतील अमोघवर्षाचे गुरु मानले गेलेले जैन आचार्य जिनसेन यांनीं आदिपुराणांत जगत्कर्त्याची कल्पना नाकारली आहे. कर्ता स्वयंसिद्ध मानावयाचा, तर जगच स्वयंसिद्ध कां मानूं नये, असा त्यांचा सवाल आहे. बौद्ध तार्किक धर्मकीर्ति यांनीं सातव्या शतकांत घेतलेला आक्षेप याहूनहि सूक्ष्म आहे. एखादी रचना पाहून कर्त्याचें अनुमान करावयाचें, तर त्या प्रकारची रचना कर्त्याकडून होतांना आधीं पाहिलेली असली पाहिजे. दोन्हींस ‘रचना’ हा एकच शब्द लावतां येतो, एवढें पुरत नाहीं. घट मातीचा असून तो कुंभारानें केला, वारूळहि मातीचेंच, म्हणून वारूळहि कुंभारानें केलें, असें म्हणतां येईल काय?

वारुळाचा हा दृष्टांत प्रस्तुत प्रश्नास नेमका लागू पडतो. कैलास लेण्याला शिल्पी होते, हें अनुमान निर्दोष आहे. कारण छिन्नी चालविणारे पाथरवट माहीत आहेत आणि छिन्नीच्या खुणा दगडावर आहेत. पाणचक्कीचेंहि तसेंच. परंतु पेशींतील चक्कीला आपण ‘यंत्र’ म्हणतों, तें समजण्याच्या सोयीसाठीं. ती खरोखर घटाच्या जातीची आहे कीं वारुळाच्या, हें शब्दावरून ठरणार नाहीं; तिच्या अंगावरील खुणा वाचूनच ठरेल.

पहिला फरक उघड आहे. पाणचक्कीच्या पोटीं पाणचक्की जन्मास येत नाहीं. पेशीपासून मात्र पेशी होते, आणि चक्की घडविण्याची माहिती जनुकांच्या रूपानें तिच्याबरोबर उतरते. नक्कल उतरवितांना क्वचित् चूक होते. कधीं एका जनुकाच्या दोन प्रती होतात. बहुतेक चुका निरुपयोगी वा घातक असतात. ज्या थोड्या उपकारक ठरतात, त्या धारण करणाऱ्यांची संतति अधिक टिकते. यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. घड्याळांत किंवा घटांत ही क्रिया नसतेच. म्हणून त्यांच्यावरून सजीवांविषयीं काढलेलें अनुमान मुळापाशींच सैल पडतें.

दुसरी गोष्ट चक्कीच्या डोक्यांतील सहा फोडींची. त्या दोन प्रकारच्या आहेत. तीन एका प्रकारच्या, तीन दुसऱ्या, आणि त्या आळीपाळीनें बसलेल्या आहेत. प्रत्यक्ष काम एकाच प्रकारच्या तीन फोडी करतात. उरलेल्या तिघींतहि एटीपी धरून ठेवणारी जागा आहे, परंतु तेथें एटीपी घडत नाहीं. दोन्ही प्रथिनांची घडण सख्ख्या भावंडांसारखी मिळतीजुळती आहे. एका पूर्वज जनुकाच्या दोन प्रती झाल्या, एकीनें मूळचें काम चालू ठेविलें, दुसरीनें तें सोडलें. जुन्या कामाची जागा मात्र खूण म्हणून राहिली, असा याचा सरळ अर्थ लागतो. जुन्या वाड्यांत बुजविलेल्या दाराची चौकट दिसावी, तशीच ही खूण आहे.

तिसरी गोष्ट बीहींच्या मुख्य प्रश्नाची. प्रत्येक भाग अपरिहार्य आहे, असें यंत्र पायरीपायरीनें होईल कसें? याचें एक उत्तर २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून मिळालें. एटीपी सिंथेजच्या नात्यांतलें, परंतु उलट दिशेनें चालणारें एक यंत्र पेशींत असतें. तें एटीपी खर्च करून प्रोटॉन ओढतें. इतर बहुतेक सजीवांत त्याचें कडें दोन जातींच्या प्रथिनांचें असतें. यीस्ट व इतर बुरशींत तें तीन जातींचें असून, तिन्हींवांचून चालत नाहीं. अमेरिकन शास्त्रज्ञांनीं आजच्या अनेक सजीवांच्या जनुकांची तुलना करून कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या पूर्वज प्रथिनांची घडण ठरविली, तीं जनुकें प्रयोगशाळेंत नव्यानें तयार केलीं आणि आजच्या यीस्टमध्यें घातलीं. दोन जातींचें जुनें कडें चालूं लागलें. पुढें त्यांना असें आढळलें कीं, त्यांतील एका जनुकाच्या दोन प्रती झाल्यावर प्रत्येक प्रतीनें शेजारच्या प्रथिनाशीं जुळण्याचें एकेक सामर्थ्य गमावलें. त्यासाठीं एकेका ठिकाणचा किरकोळ बदल पुरेसा होता.

हें कसें घडतें, तें एका घरगुती उदाहरणानें सहज समजेल. समजा, गुलमंडीवर दोघां भावांचें किराण्याचें दुकान आहे. दोघेहि पोतीं उचलतात, दोघेहि वही लिहितात. कालांतरानें एकाची दृष्टि अधू होते, त्याला वही लिहितां येत नाहीं. दुसऱ्याची पाठ धरते, त्याला पोतें उचलवत नाहीं. दुकान पूर्वींइतकेंच चालतें. परंतु आतां दोघांपैकीं एकहि नसला तर तें बंद पडेल. ही परस्परांची अपरिहार्यता कोणी योजिली नव्हती. ती दोघांच्या उणिवांतून आली. यंत्राचा प्रत्येक भाग आज आवश्यक आहे, यावरून तो आरंभापासून आवश्यक होता, असें सिद्ध होत नाहीं.

जिवाणूच्या शेपटीविषयींहि असेंच कांहीं सांगतां येतें. प्लेगच्या जंतूजवळ पेशींत विष टोंचणारें सुईसारखें एक उपकरण असतें. त्यांतलीं कित्येक प्रथिनें शेपटीच्या मोटरींतील प्रथिनांच्या नात्याचीं आहेत. हें उपकरण त्या मोटरीचें पूर्वज आहे, असें यावरून म्हणतां येत नाहीं. उलट तेंच मोटरीपासून निघालें असावें, असें संशोधकांना वाटतें. परंतु मोटरीचे थोडे भागहि वेगळ्या कामाला उपयोगी पडतात, एवढें यावरून निश्चित होतें, आणि ‘एक भाग गेला कीं सर्व व्यर्थ’ हें म्हणणें ढिलें पडतें. अमेरिकेंत डोव्हर गांवच्या शाळेवरून हा वाद न्यायालयांत गेला. उभय पक्षांचे तज्ज्ञ तपासून न्यायाधीश जॉन जोन्स यांनीं २० डिसेंबर २००५ रोजीं निकाल दिला कीं, योजकवाद हें विज्ञान नव्हे.

याचा अर्थ सर्व प्रश्न सुटले, असा नाहीं. आपली नक्कल आपण काढणारी पहिली पेशी कशी झाली, हें कोडें अद्याप पुरतें उलगडलेलें नाहीं. परंतु न उलगडलेल्या ठिकाणीं योजकाला बसविलें, तर कोडें सुटत नाहीं, शोध मात्र थांबतो. मिचेल यांच्यापूर्वीं एटीपी नेमका कसा होतो हेंहि कोडेंच होतें.

आतां कोणी विचारील, पेशींतील चक्कीचा इतिहास शाळेंतल्या मुलांना कळला नाहीं, तर काय बिघडलें? याचें उत्तर क्षयरोगाच्या इस्पितळांत मिळेल. क्षयाच्या जंतूलाहि हीच चक्की आहे. जुन्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर बेडाक्विलिन नांवाचें औषध निघालें; तें जंतूच्या चक्कीच्या कड्यांत अडकून तिचें फिरणें बंद पाडतें. मनुष्याची चक्की त्याच कुळांतली असली, तरी फार प्राचीन काळीं वेगळी झालेली आहे, म्हणून तिच्यावर या औषधाचा परिणाम पुष्कळच कमी होतो. औषधाचा मारा कोठें होतो, हें कळलें तेंहि उत्क्रांतीच्या मार्गानेंच. प्रयोगशाळेंत जे जंतु औषधाला पुरून उरले, त्यांच्या जनुकांची तपासणी केली, तेव्हां कड्याच्या जनुकांत अगदीं लहानसा बदल सांपडला. २००५ सालीं हें संशोधन प्रसिद्ध झालें. म्हणूनच एकटें औषध न देतां अनेक औषधें एकत्र देतात, आणि बरें वाटलें तरी औषधयोजना मध्येंच सोडूं नये, असें डॉक्टर बजावतात. एका औषधांतून निसटलेला जंतु दुसऱ्यानें मरावा, हा त्यांतला हेतु. ज्याला उत्क्रांति माहीत नाहीं, त्याला हा उपदेश केवळ हुकूम वाटेल. ज्याला माहीत आहे, त्याला त्याचें कारण दिसेल.

असें असतां २०२३ सालीं देशांतील दहावीच्या विज्ञानाच्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग वगळलेला दिसला. भार हलका करण्यासाठीं तो काढल्याचें सांगण्यांत आलें. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत तो ठेवलेला होता. परंतु दहावीनंतर जीवशास्त्र सोडणाऱ्या मुलांना तो भेटणार कोठें? अठराशेंहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षक यांनीं या निर्णयाविरुद्ध पत्र लिहिलें.

श्रद्धेच्या माणसानें यांत आपलें कांहीं गेलें, असें मानण्याचें कारण नाहीं. जग मुळांत कां आहे, त्याला कांहीं अर्थ आहे काय, हे प्रश्न सूक्ष्मदर्शकानें सुटणारे नाहींत आणि विज्ञान ते सोडविल्याचा दावाहि करीत नाहीं. पुष्कळ श्रद्धावान शास्त्रज्ञांनीं उत्क्रांति मान्य केलेली आहे. परंतु जी श्रद्धा प्रथिनांच्या कड्यावर उभी केली, ती त्या कड्याचा पुढचा शोध लागतांच डळमळेल. उदयनांच्या काळच्या पंडितांनीं एकमेकांचीं अनुमानें निर्भयपणें तपासलीं आणि तरी एकाच डोंगरांत तिन्ही परंपरांचीं लेणीं टिकून राहिलीं. पाणचक्की पाहावयास आलेलें मूल ‘ही कोणीं बांधली?’ असें विचारील, तेव्हां त्याला बांधणाऱ्यांची हकीकत सांगावी. आणि ‘माझ्या अंगांतली चक्की कोठून आली?’ असें तें विचारील, तेव्हां तिच्या अंगावरच्या खुणा त्याला वाचावयास शिकवावें.